कोणत्या रुळावर कोणते इंजिन

आमगावच्या स्टेशनातून जाणारा हावडा–मुंबई मार्ग ब्रॉडगेज. रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर. शेजारच्या गोंदियाहून जबलपूरला जाणारा जुना मार्ग मात्र ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज होता. तिकडचे इंजिन इकडच्या रुळावर चालत नाही, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असे. प्रोसेसरचेही तसेच असते, हे मला पन्नाशीत, एक रात्र वाया घालवून नीट कळले.

एका छोट्या एआरएम बोर्डासाठी मी योक्टो वापरून लिनक्स बांधत होतो. योक्टोत प्रत्येक प्रोग्रामची एक 'रेसिपी' असते: कोड कुठून आणायचा, कंपाइल कसा करायचा, बसवायचा कुठे. संध्याकाळी काम लावले, पहाटे पाहतो तर चित्रांवर काम करणाऱ्या एका प्रोग्रामपाशी ते थांबलेले. एक हेडर फाइल सापडत नव्हती. ती सापडणारच नव्हती. ती इंटेल-वर्गाच्या प्रोसेसरमधल्या एसएसई सूचनांची होती. रेसिपी मीच लिहिलेली, तेव्हा बोल कुणाला लावणार?

उपाय एका ओळीचा. 'कम्पॅटिबल होस्ट' या चलात कोणते प्रोसेसर चालतील त्याचा नमुना लिहायचा. नाव जुळले नाही तर योक्टो ती रेसिपी वाचतानाच बाजूला ठेवते आणि तुम्ही ती मागितलीत तर कारण सांगते. कंपाइल सुरूच होत नाही. एक खोच लक्षात ठेवा: जुळणी नावाच्या पहिल्या अक्षरापासून होते. नुसते 'एआरएम' लिहिले तर ३२-बिट एआरएम येतो. ६४-बिट मात्र राहून जातो, कारण तिथे त्याचे नाव 'ए-आर्च-६४' असे आहे.

पण असे कुंपण घालायची सवय वाईट. पुण्याच्या सी-डॅकचे महासंगणक पाहा. परम ८००० (१९९१) ट्रान्सप्युटरवर, परम १०००० (१९९८) अल्ट्रास्पार्कवर, परम पद्म पॉवर-४ वर, परम युवा (२००८) इंटेल झिऑनवर. नाव परमच, आतली यंत्रभाषा दर वेळी वेगळी. फोरट्रान किंवा सी मधला सरळ कोड अशा बदलात पुन्हा कंपाइल करून पुढे नेता येतो. एकाच प्रोसेसरच्या सूचना हाताने घातलेला भाग तेवढा नव्याने लिहावा लागतो. केवळ भीतीपोटी 'फक्त इंटेल' लिहिले, की उद्याच्या रिस्क-फाइव्हवर आरामात चालणारा प्रोग्रामही दाराबाहेर राहतो.

माझेही तेच झाले होते. आठवड्याने मूळ कोड शांतपणे वाचला, तर एसएसईचा भाग ऐच्छिक निघाला. सेटिंग बंद केले, साधा सी कोड एआरएमवर बांधला गेला. चालतो थोडा सावकाश. ती बंधनाची ओळ मी पुसून टाकली.