एका ठिपक्यात अर्धा रायगड

छातीच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टात एखादी ओळ असते: श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात त्याच्या खाली, ११ मिलिमीटरची लसिका ग्रंथी. अलिबागहून मुंबईच्या डॉक्टरांकडे निघालेलं कुटुंब मांडव्याला लाँचमध्ये बसेपर्यंत त्या ओळीची पारायणं झालेली असतात. गाठ म्हणजे कॅन्सर, हा हिशेब आपल्याकडे कोणाला शिकवावा लागत नाही. तेव्हा त्या ११ मिलिमीटरांत काय काय असतं, ते आधी मोजून पाहू.

सीटीचा एक काप म्हणजे ५१२ उभ्या आणि ५१२ आडव्या रांगांतले २,६२,१४४ ठिपके. छातीचे मिलिमीटरभर जाडीचे ३०० काप धरले, तर ७ कोटी ८६ लाख ठिपके, आणि तेही रुग्णाने एकदा श्वास रोखून धरला तेवढ्या वेळात. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा एका रुग्णाचं डोकं टिपलं, तेव्हा एका कापात ८० गुणिले ८०, म्हणजे अवघे ६,४०० ठिपके होते.

आता यातला एकच ठिपका घ्या. चित्राची रुंदी ३५ सेंटिमीटर असेल, तर हा ठिपका ०.६८ मिमी लांब, तेवढाच रुंद आणि १ मिमी जाड. जेमतेम अर्धा घनमिलिमीटर. ग्रंथीत मुख्यतः ज्या पांढऱ्या पेशी भरलेल्या असतात, त्या लिम्फोसाइटचा व्यास ७ मायक्रॉनच्या आसपास. मधल्या फटी सोडून हिशेब केला, तरी त्या ठिपक्यात पंधरा लाखांच्या घरात पेशी मावतात. २०११ च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार होती. उरणपासून पोलादपूरपर्यंतची निम्म्याहून अधिक माणसं एका करड्या ठिपक्यात कोंबायची आणि त्या सगळ्यांच्या वतीने एकच आकडा सांगायचा, हे सीटीचं काम.

घनतेचा हा आकडाही कसा, तर हवा उणे १०००, पाणी शून्य, चरबी उणे १००. ग्रंथी ४० च्या आसपास, आणि शेजारच्या शिरेतलं रक्तही साधारण तेवढंच. हजारोंच्या मोजपट्टीवर दोघं जवळजवळ एकाच रेघेवर. म्हणून शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात. त्याने रक्तवाहिन्या उजळतात आणि ग्रंथी वेगळी ओळखू येते.

ग्रंथीतल्या या पेशी एका जागी बसून राहत नाहीत. वाइझमन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजाप्रमाणे एका माणसाच्या शरीरात रोगप्रतिकारक पेशी १.८ लाख कोटी, वजन १.२ किलो, आणि त्यांतल्या सुमारे ४० टक्के लिम्फोसाइट. नुसत्या लिम्फोसाइट एकीला एक लावून मांडल्या, तर ५,००० किलोमीटर भरतील; ७२० किलोमीटरचा महाराष्ट्राचा किनारा सात वेळा मोजून होईल. चाल मात्र मिनिटाला दहाएक मायक्रॉन, दिवसाला १४ मिलिमीटर. अलिबागहून मुरूडला, सुमारे ५० किलोमीटर, निघालेली पेशी सरळ चालत राहिली तरी साडेनऊ हजार वर्षांनी पोचेल. ग्रंथीच्या आत एवढा वेग पुरतो. टी-पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, तिथे बारा ते चोवीस तास हिंडते, आपल्याला ओळखता येणारा जंतू सापडतो का बघते, नाही सापडला तर पुढच्या ग्रंथीकडे. शरीरात अशा ग्रंथी पाच-सहाशे तरी असतात.

छातीतल्या ग्रंथीसाठी रूढ मर्यादा १० मिलिमीटर, तीही आखूड बाजूची. ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट असते. १८ बाय ८ असली तर बिघडत नाही. १० आणि ११ मध्ये फरक स्क्रीनवर एक-दोन ठिपक्यांचा. श्वासनलिकेच्या फाट्याखालच्या ग्रंथीला तर १२ पर्यंत सूट दिली जाते. १० ची २० झाली तर गोष्ट वेगळी, कारण व्यास दुप्पट म्हणजे घनफळ आठपट. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये अशी ग्रंथी दिसली आणि बाकी काही खोट नसली, तर १५ मिलिमीटरच्या आत पुढची तपासणी नको, असं अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची २०१८ ची शिफारस सांगते. लाँचमधल्या त्या कुटुंबाला हे आधी कोणी सांगितलं, तर निदान त्यांचा प्रवास तरी सुखाचा होईल.

पण लहान म्हणजे निर्धोक, असंही नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये छातीच्या मध्यभागातल्या ग्रंथींपर्यंत रोग पोचलेल्या शंभर रुग्णांपैकी नुसत्या आकारावरून सीटीला सुमारे ५५ च सापडतात. उलट, मोठी दिसलेली ग्रंथी आपल्याकडे पुष्कळदा टीबीची निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२३ मध्ये भारतात टीबीचे सुमारे २८ लाख नवे रुग्ण. एका वर्षात एक अख्खा रायगड. टीबीच्या ग्रंथीचा मध्य बऱ्याचदा काळपट आणि कडा उजळ दिसते, तर जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीची ग्रंथी चुन्यासारखी पांढरीशुभ्र.

शंका उरलीच, तर श्वासनलिकेतून दुर्बीण घालून, सोनोग्राफीच्या आधाराने ग्रंथीत सुई टोचतात. २२ गेजची सुई, जाडी ०.७ मिलिमीटर, म्हणजे पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढी. तिच्यातून आलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जातात, काही जीनएक्सपर्ट यंत्रात. टीबीचं उत्तर तिथे दोनएक तासांत मिळतं. जंतू वाढवून पाहायच्या कल्चरला सहा आठवडेही लागतात.