भोयाच्या कानाला टोचलेली वेलांटी

राजा भोजाच्या नावावर एक आख्यायिका सांगतात. राजा पालखीत बसलेला. वाटेत त्यानं भोयाला संस्कृतात विचारलं, की भार खांद्याला 'बाधति' का? भोई म्हणाला, महाराज, भार तितका बाधत नाही, जितकं तुमचं 'बाधति' बाधतं! शुद्ध रूप 'बाधते'. म्हणजे मात्रेच्या जागी वेलांटी, एवढीच काय ती चूक. पण ती कुणाला खुपली? ओझं वाहणाऱ्याला!

'ति' आणि 'ते' यांत असं काय दडलंय? दुसऱ्यासाठी यज्ञ करणारा पुरोहित 'यजति', आणि स्वतःच्या पुण्यासाठी यज्ञ करणारा यजमान 'यजते'. क्रिया एकच, पण तिचं फळ कुणाच्या पदरात पडणार हे शेवटच्या स्वरावरून कळतं! परस्मैपद आणि आत्मनेपद म्हणतात ते हेच. पण सगळे धातू असे दोन्हीकडचे नसतात. 'बाध्' कायमचा 'ते'वाला. इथे फळाचा हिशेब चालत नाही. जाणकारांच्या तोंडी ते रूप होतं, आणि व्याकरणानं त्याची नोंद केली.

मग वापर आणि नियम एकमेकांसमोर उभे ठाकले तर? इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीनं 'महाभाष्या'त असाच एक खटका रंगवलाय. एक वैयाकरण विचारतो, या रथाचा 'प्रवेता' कोण? सारथी म्हणतो, मी 'प्राजिता'. वैयाकरण म्हणतो, हा अपशब्द! त्यावर सारथी सुनावतो, की नियमातून काय निघतं ते तुम्हाला ठाऊक आहे, लोकांना काय मान्य आहे ते नाही. गंमत बघा, भोयानं नियमाची बाजू घेतली आणि सारथ्यानं वापराची. आणि सारथ्याची ही बाजू जपून ठेवली कुणी? व्याकरणाच्याच महाग्रंथानं!

आता भोजाच्या राजधानीत, धारला चला. अकराव्या शतकातल्या या राजानं 'सरस्वतीकंठाभरण' नावाचं व्याकरण रचलं. धारमध्ये भोजशाळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत दोन सर्पबंध कोरलेले आहेत. एकमेकांत गुंतलेल्या नागांच्या वेटोळ्यांत एकीकडे वर्णमाला, दुसरीकडे क्रियापदांचे प्रत्यय. शाळेच्या भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ताच, फक्त दगडात कोरलेला! नियम कायमचा करण्याची याहून पक्की तजवीज कोणती?

पण त्याच वास्तूत कासवाची स्तुती करणारी काव्यंही दगडावर सापडली, आणि ती आहेत प्राकृतात. संस्कृतातला 'करोति' प्राकृतात 'करइ' होतो, आणि आत्मनेपद जवळपास नाहीसं होतं. यजमान आणि पुरोहित यांतला तो सुरेख फरक लोकांनी बोलता बोलता सोडून दिला. धारचाच मानला जाणारा 'राउळवेल' हा शिलालेख आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यात वेगवेगळ्या प्रदेशांतल्या स्त्रियांची वर्णनं वेगवेगळ्या बोलींच्या ढंगात येतात. कोणता ढंग कुठल्या बोलीचा, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. म्हणजे धारच्या दगडांनी नियम जपले, तशी त्या नियमांबाहेरची बोलणीही जपली.

मग आत्मनेपद गेलं तशी भाषा दरिद्री झाली का? मुळीच नाही! संस्कृतात तो 'गच्छति' आणि तीही 'गच्छति'. मराठीत तो जातो, ती जाते, ते जातं. हे आलं कुठून? आपलं हे वर्तमानकाळी रूप जुन्या धातुसाधित विशेषणातून घडलं, आणि विशेषण लिंगाप्रमाणे बदलतंच. एक भेद हातातून निसटला, दुसरा हाती आला. कुणी आज्ञा दिली नव्हती, सभाही भरवली नव्हती.

अठराव्या शतकात मराठा सरदार पवारांबरोबर ही मराठी धारला आणि देवासला पोचली. तिथे ती माळवी आणि हिंदीच्या शेजारात नांदते आहे. आता भोयाचं ते शुद्ध रूप तिथल्या एखाद्या मराठी घरात जसंच्या तसं म्हणून बघा, 'भार बाधते'. घरातलं पोरगंसुद्धा टोकेल, 'भार बाधतो' म्हणा! चूक बाधते, ओझं बाधतं, भार बाधतो. भोयानं ज्या 'ते'साठी राजाला अडवलं, तोच 'ते' इथे स्त्रीलिंगाचा झालाय, आणि म्हणून भाराला लावला तर चुकीचा!

त्या पोराला हा नियम कुणी शिकवला? पाटीवर कुणी लिहून दिला नाही, की दगडात कोरला नाही. ते आजीचं बोलणं ऐकत वाढलं, आणि ऐकता ऐकता अख्खं व्याकरण त्यानं आपलं आपणच बांधलं. म्हणून कुणाच्या बोलण्यातलं रूप कानाला खटकलं, तर लगेच त्याला अशुद्ध ठरवू नये. ते कुठून आलं हे आधी शोधावं. बहुतेक वेळा तिथेही एक नियम सापडतो, फक्त अजून कुणी लिहून न ठेवलेला.