‘पानी’ म्हणा, बिनधास्त!

हेडफोन लावा आणि सार्कोडी शोधा. घानातल्या टेमा या बंदराच्या शहराचा रॅपर. पहिल्यांदा ऐकताना तुम्हाला फारसं काही कळणार नाही, मला पण कळलं नव्हतं. पण गडी ट्वी भाषेत असा सुटतो की श्वास कधी घेतो तेच समजत नाही. मध्येच इंग्रजी ओळ, लगेच परत ट्वी. घानाची सरकारी भाषा इंग्रजी आहे, तरी याचा जोर घरच्या भाषेवर. २०१९ मध्ये अमेरिकेच्या बीईटी हिपहॉप पुरस्कारांत ‘बेस्ट इंटरनॅशनल फ्लो’ पहिल्यांदाच दिला गेला, तो यालाच.

आता हे चंद्रपूरच्या पानावर का? सांगते.

फर्स्ट इयरला वक्तृत्व स्पर्धेत मी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं. परीक्षक हसले, मग अख्खा हॉल हसला. पुढची दोन वर्षं मी माइकला हात लावला नाही. तुमच्यापैकी किती जण अजून वर्गात शब्द आधी मनात ‘धुऊन’ मग बोलता?

अहो, झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ही नाही. डोळ्याला आपण डोरा म्हणतो. ‘डोळा’ दहा वेळा भरभर म्हणा, मग ‘डोरा’ म्हणा. जीभ कुठे अडखळते ते तुम्हीच बघा. ट्वीमध्येही बरेचसे शब्द स्वरावर संपतात.

आणि दोन भाषा मिसळणं आपल्याला कोणी शिकवायचं? सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, भामरागडला माडिया, कोरचीकडे छत्तीसगढी. एसटीत एका सीटवर तीन भाषा बसतात! रात्रभर प्रेक्षक धरून ठेवणारी झाडीपट्टी तर आपलीच. त्याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. रॅपमध्येही वाट पडलीय. महादेव कोळी समाजातली माही जी आदिवासींच्या प्रश्नांवर बेधडक रॅप करते.

स्टुडिओ नको, मोबाइलचा रेकॉर्डर पुरे. बीट नसेल तर बाकावर ताल धरा. पहिल्यांदा हळू म्हणा, शब्द तोंडात बसले की वेग वाढवा. नुसत्या वेगाच्या नादात शब्द गिळू नका, ते सार्कोडीही करत नाही. आणि रेकॉर्डिंग आधी आजीला ऐकवा, इन्स्टावर नंतर टाका.

माझ्या आठ ओळी झाल्यात. त्यात ‘पानी’ चार वेळा आलंय.