मोदकाच्या कळ्या आणि अक्षराचे पोट

नालासोपारा हे नाव देवनागरीत लिहून त्यातील उभे दंड मोजून पाहावेत. न, ल, स आणि प यांच्या अंगचे चार, आणि ना, ला, सो, पा, रा या पाचही अक्षरांस लागलेल्या कान्यांचे पाच, असे एकंदर नऊ खांब त्या एका नावात उभे आहेत. बोरूच्या अक्षरात हे खांब सडपातळ असल्यामुळे त्यांच्यामधून वारा खेळतो. परंतु हेच नाव स्थानकाबाहेरच्या एखाद्या दुकानाच्या पाटीवर ठसठशीत, गुटगुटीत अक्षरांत काढावयाचे म्हटले, की खांब एकमेकांस चिकटू लागतात आणि पाटी रंगविणाऱ्या पेंटरास अर्धे कसब अक्षर भरण्यात, तर अर्धे ते मोकळे ठेवण्यात खर्च करावे लागते.

जाड अक्षराचा मामला आपल्या लिपीत नाजूक आहे तो एवढ्यासाठीच. वर मात्रा, वेलांटी, रफार. मध्ये मूळ अक्षर. खाली उकार, अशा तीन मजल्यांत देवनागरीचा संसार मांडलेला असतो, आणि एका मजल्यावर मेद चढला की दुसऱ्या मजल्याची जागा आक्रसते. भ आणि म, घ आणि ध या जोड्यांमध्ये शिरोरेखेतील एक फट हीच मुख्य ओळख; व आणि ब यांच्यात पोटातल्या एका तिरप्या रेघेचा तेवढा फरक. रेषा फुगविताना ती फट बुजली किंवा ते पोट भरून गेले, तर भात आणि मात यांतील भेद वाचकाने केवळ संदर्भावरून ओळखावयाचा!

या अडचणीतून मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या संस्थेने काढलेली वाट मला अतिशय धाडसी वाटते. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी रेखाटलेल्या ‘मोदक’ या टंकात अक्षराच्या पोटातील पोकळी राखण्याची धडपडच सोडून दिली आहे. अक्षराला हवे तेवढे फुगू दिले आहे, आणि पोकळीच्या जागी सर्वत्र जवळजवळ एकाच जाडीची बारीक पांढरी रेघ तेवढी शिल्लक ठेवली आहे. उकडीच्या पारीला सुगरण चिमटीने कळ्या पाडते, आणि त्या कळ्यांवरूनच तो नुसता गोळा नसून मोदक आहे हे कळते. या अक्षरांतील पांढऱ्या रेघांचे कामही तेच. वाचताना डोळा काळ्या भागावरून न जाता त्या रेघेचा माग घेत जातो.

आणि येथे मला सोपाऱ्याच्याच एका दगडाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यावरील ब्राह्मी ही आपल्या देवनागरीची पूर्वज. तिला शिरोरेखा नाही, रेषेत जाडी-बारकाईचा खेळही नाही. छिन्नीने कोरलेली सारख्या जाडीची खोलगट रेघ, एवढेच तिचे रूप. शिलालेखात खोदून काढलेली रेघ हेच अक्षर असते. मोदकातील रेघ अक्षर नव्हे, ती अक्षराच्या आतली रिकामी जागा आहे. आणि तरीही, दोन्ही ठिकाणी वाचकाचा हात धरून नेते ती कोरल्यासारखी एक अखंड, समान रेघच. दोन सहस्र वर्षांहून अधिक अंतरावरचे हे साम्य कोणी हेतुपुरस्सर साधलेले नाही, हे मी जाणतो. पण ते दिसल्यापासून या टंकाकडे केवळ गमतीचा टंक म्हणून मला पाहता येत नाही.



आता पुन्हा स्थानकाबाहेरच्या पाट्यांकडे वळू. दुकानांच्या पाट्यांवरील मराठी अक्षरे इतर लिपींतील अक्षरांहून लहान असता कामा नयेत, अशी दुरुस्ती राज्याने २०२२ मध्ये कायद्यात केली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांस दोन महिन्यांची मुदत दिली. त्या हुकमाच्या अंमलात वसई-विरारच्या बाजारपेठांतही देवनागरी मोठी झाली. आकाराचा बंदोबस्त झाला, वळणाचा मात्र राहिला. संगणकात आयता असलेला कोणताही टंक ताणून, दाबून, चौकटीत बसविण्याचा शिरस्ता पडला. मोदकास असे आडवे ताणले की त्याची पांढरी रेघ कोठे रुंद, कोठे अरुंद होते, आणि समान जाडीवर उभा असलेला त्याचा सारा तोल ढळतो.

आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात एका वर्षी कार्यक्रमपत्रिका लिहिण्याचे काम मजकडे आले, तेव्हा उत्साहाच्या भरात मी आरतीच्या वेळांपासून वर्गणीच्या सूचनेपर्यंत सारा मजकूर याच टंकात जुळवला. छापून आलेल्या कागदावर त्या रेघा शाईने बुजल्या होत्या, आणि चष्मा पुसून पुसून एका आजोबांनी अखेर तो कागद वाचून दाखविण्यासाठी माझ्याच हाती दिला. पुढच्या वर्षी मी ‘मोरया’ एवढा एकच शब्द मोदकात, हातभर उंचीचा, मंडपाच्या कमानीवर लावला, आणि वेळा, नियम, हिशेब हे सारे त्याच संस्थेच्या साध्या ‘मुक्त’ या टंकात खाली लिहिले. रस्त्यापलीकडून कमान वाचता येत होती, आणि आजोबांनी आरतीची वेळ मला विचारली नाही.