विश्लेषण : रिक्षाचा मीटर ‘पळतो’, त्यात घासलेल्या टायरचा वाटा किती?

रस्ता रोजचाच, पण मीटरवर आज २५-३० रुपये जास्त. अंधेरी असो, बोरिवली असो की मुलुंड, उपनगरांत हा वाद नवा नाही. त्यात कधी ‘टायर घासलाय’ हे कारणही पुढे येतं. हे कारण कितपत खरं, ते दहावीच्या भूमितीने तपासता येतं.

मीटर काय मोजतो?

मीटरला रस्ता दिसत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. चाक एकदा पूर्ण फिरलं की रिक्षा चाकाच्या परिघाइतकी पुढे जाते. परीघ म्हणजे व्यास गुणिले ‘पाय’, अर्थात ३.१४. हिशेबासाठी टायरसह चाकाचा व्यास ४० सेंमी धरू. परीघ येतो १२५.६ सेंमी, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ७९६ फेरे. मीटर या प्रमाणावर बसवलेला असतो. पूर्ण फेऱ्याची वाट पाहायचीही गरज नाही. एका फेऱ्यात चार ठोके मिळत असतील, तर दर ठोक्याला चाक ९० अंशांचा कंस फिरलं, म्हणजे रिक्षा ३१.४ सेंमी सरकली.

३.१४ ऐवजी शाळेतलं २२/७ घेतलं तर? आठ किमीमागे फरक पडतो जेमतेम सात मीटरचा. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त २२/७ ला स्थूल, पण व्यवहाराला योग्य म्हटलं आहे आणि सूक्ष्म हिशेबाला ३९२७/१२५० दिलं आहे. रिक्षाभाडं हा व्यवहारच.

टायर घासला तर?

टायर ५ मिमी झिजला की त्रिज्या ५ मिमीने आणि व्यास एक सेंमीने घटतो. नवा परीघ १२२.५ सेंमी. मीटर मात्र ७९६ फेरे झाले की एक किमी धरतो. प्रत्यक्षात तेवढ्यात रिक्षा ९७५ मीटरच गेलेली असते. म्हणजे मीटर पळतो, हे खरंच आहे.

पण किती? १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार पहिल्या दीड किमीला २६ रुपये आणि पुढे किमीला १७.१४ रुपये. आठ किमीचे होतात १३७ रुपये. घासलेल्या टायरवर मीटर ८.२ किमी दाखवेल, भाडं १४१ रुपये. फरक चार रुपयांच्या आत.

हवा कमी असेल तर टायर खाली चपटा होतो. जमिनीला टेकलेला भाग कंस राहत नाही, जीवेसारखा सरळ होतो आणि आसापासून जमिनीचं अंतर घटतं. त्यानेही मीटर थोडा पुढे जातो. मात्र टायरचा बाहेरचा पट्टा तेवढाच लांब राहत असल्याने, चाक जितकं बसलेलं दिसतं तितका फरक पडत नाही.

आता उलटा हिशेब करू. याच आठ किमीला १६५ रुपये झाले, तर मीटरने ९.६ किमी मोजले, म्हणजे २० टक्के जास्त. केवळ चाकामुळे हे व्हायला व्यास ४० वरून ३३.३ सेंमीवर यायला हवा. टायर सगळीकडून तीन सेंमीहून जास्त झिजायला हवा! तेवढं रबर टायरच्या नक्षीत नसतंच. तेव्हा दोन-चार रुपयांच्या फरकावरून चालकाशी भांडण्यात अर्थ नाही. २५-३० रुपयांच्या फरकाला मात्र टायरचं कारण मान्य करू नये.

अर्थात, आधी दोन गोष्टी पाहा. सिग्नलवर आणि कोंडीत मीटर थांबण्याचा वेळही मोजतो, त्यामुळे घाटकोपरला संध्याकाळी सहाचं आणि सकाळी सहाचं भाडं सारखं येणार नाही. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत रात्रीचा जादा दर असतो. म्हणून भाड्याची तुलना करण्याऐवजी मीटरवरचं अंतर पाहा. ते मोबाइलच्या नकाशावरील अंतराशी ताडून बघा, तेही लांबच्या प्रवासात. दीड-दोन किमीत नकाशाचीच चूक मोठी ठरते.

तफावत १५-२० टक्क्यांची असेल, तर रिक्षाचा क्रमांक, तारीख, वेळ, मार्ग आणि मीटरचा फोटो घेऊन आरटीओकडे तक्रार करा. पश्चिम उपनगरांसाठी अंधेरी आणि बोरिवली, तर घाटकोपर-मुलुंडसाठी वडाळा आरटीओ आहे.