शेवटच्या नळातला पिवळा रंग

जलजीवन मिशनच्या नव्या टाक्यांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. नीरा नदीकाठच्या त्या गावात टाकी होतीही, ताज्या रंगाची, पायथ्याशी योजनेचा फलक असलेली. तिच्याखाली उभी असतानाच साठीकडे झुकलेले एक गृहस्थ लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर घेऊन आले आणि रस्त्यातल्या वॉलच्या चेंबरचं झाकण सरकवून कामाला लागले. मग टाकी मागेच राहिली. सकाळभर मी त्यांच्यामागून फिरले.

गाव त्यांना नाना म्हणतं. ग्रामपंचायतीच्या दप्तरी ते पाणीपुरवठा कर्मचारी, आणि जलसुरक्षकही. गावाचं आणि त्यांचं नाव लिहीत नाही. पुढे जे लिहायचं आहे त्याचा त्रास त्यांना व्हायला नको.

पिण्याच्या पाण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीकडे 1958च्या ग्रामपंचायत अधिनियमापासून आहे. 73व्या घटनादुरुस्तीनं ती संविधानाच्या अकराव्या अनुसूचीतही नोंदली. 15 ऑगस्ट 2019ला जलजीवन मिशन जाहीर झालं : घरोघरी नळ, माणशी रोज 55 लिटर. 2024ची मुदत आता 2028पर्यंत वाढली आहे. गावाच्या वाट्याला आलेली गोष्ट याच्या पुढची.

गाव उतारावर वसलंय. वेशीजवळची आळी सगळ्यांत खाली, वाडी सगळ्यांत वर. सगळे वॉल एकदम उघडले तर खालचे नळ धो धो वाहतात आणि वाडीत नुसती हवा सुटते. म्हणून आधी वाडी, मग मधली आळी, शेवटी वेस. कुठला वॉल किती आटे खोलायचा हे कुठेही लिहिलेलं नाही. नाना चावी फिरवतात आणि दांड्याच्या टोकाला कान लावतात. पाणी नीट चालू झालं की आवाज एकसारखा येतो; पुढे कुठे लाइन फुटली असेल तर तो बदलतो. मीही कान लावला. मला फक्त सळसळ ऐकू आली. नाना म्हणाले, "शाळेच्या कोपऱ्याला गळतंय, ताई." आम्ही चालत गेलो. कोपऱ्यावर माती ओली होती.

ही ओली माती साधी गोष्ट नाही. पाणी दिवसातून तास-दीड तासच सुटतं. बाकी वेळ पाइप रिकामे होत जातात, दाब उतरतो, आणि जिथून पाणी बाहेर गळत होतं तिथूनच गटाराचं पाणी आत शिरू शकतं. त्यात कुणी नळालाच मोटर जोडली की ती शेजाऱ्याचं पाणी तर ओढतेच, पण गळक्या सांध्यातून घाणही ओढून घेते. नानांनी अशा मोटरी पकडल्या आहेत आणि त्यापायी सोयऱ्यांशी वैर घेतलं आहे. कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरानं मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं, त्याचं खरं मोल मला इथे कळलं. पाइप सतत भरलेला राहिला की बाहेरची घाण सहजासहजी आत येत नाही.

इथे मात्र भिस्त टीसीएलवर, म्हणजे क्लोरीनच्या पावडरीवर. हजार लिटरला सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे पन्नास हजारांच्या टाकीला पाव किलो. नाना पावडर बादलीत कालवतात, चुना खाली बसू देतात आणि वरची निवळ तेवढी टाकीत सोडतात. अर्धा तास थांबल्याशिवाय वॉलला हात लावत नाहीत. मग वाडीच्या अगदी शेवटच्या नळाखाली काचेची नळी धरून ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे, थेंब टाकतात. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन तिथवर पोचलं. निदान 0.2 पीपीएम हवं. त्या दिवशी रंग फिकट आला. नानांनी नळी उजेडात धरली, पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा थेंब टाकले. मग वहीत लिहिलं, "कमी." खोटं लिहिणं अगदी सोपं होतं, बघायला कोणीही नव्हतं. त्या एका शब्दासाठी मला या माणसाविषयी फार आदर वाटला.

आरोग्य विभाग वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. पाच वर्षं हिरवं टिकलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. या गावाचं हिरवं आहे. ते टिकेल का, याची मला धास्ती वाटते.

टीसीएलचं पोतं दमट खोलीत पडलंय. ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, हवा लागली की ते उडत जातं. पाव किलोचं माप तेच राहतं आणि गुण निघून जातो. फिकट रंगाचं कारण बहुधा तेच. नवं पोतं घ्यायचं तर पाणीपट्टी आली पाहिजे, आणि पाणीपट्टी थकलेली आहे. पंपाचं वीजबिल थकलं की जोड तुटायची भीती. टाकी नि पाइप मिशनच्या पैशातून आले, पण रोजचा खर्च गावानंच काढायचा. कर्मचाऱ्यांच्या पगारातला शासनाचा हिस्साही करवसुलीशी बांधलेला. ही अट काढा म्हणून त्यांच्या संघटना किती वर्षं मोर्चे काढताहेत. लोकांनी पट्टी भरली नाही तर पगार कापायचा तो पाणी सोडणाऱ्याचा, हा न्याय मला कुठल्याच बाजूनं पटत नाही.

नव्या लाइनीचे वॉल नेमके कुठे पुरलेत, याचा नकाशा ठेकेदारानं अजून दिलेला नाही. खोदाई चालू असताना नाना रोज तिथे उभे राहिले, म्हणून त्यांना ठाऊक आहे. वाडीच्याही वर आता प्लॉट पडलेत, तिथे पाणी चढवायचं तर आट्यांचा सगळा हिशेब नव्यानं बसवावा लागेल.

नाना लवकरच निवृत्त होतील. त्याआधी वर्षभर एखादा पोरगा हाताखाली द्या, असा अर्ज त्यांनी ग्रामपंचायतीकडे केलाय. मी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, मागणी रास्त आहे, पण कर्मचाऱ्यांच्या आकृतिबंधात जागा एकच. नाना गेल्याशिवाय दुसरा माणूस घेता येत नाही.