अनुदान, करसवलत आणि आपले दान



मार्च जवळ आला की मंडळ्यांतून दोन प्रश्न हमखास येतात. "पावतीवर 80जी आहे ना?" आणि "आदिवासींसाठी सरकार अनुदान देतेच, मग आमचे दान कशाला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

अनुदानात पैसा सरकारचा आणि निर्णयही सरकारचा. केंद्राच्या आदिवासी कल्याण योजनेत स्वयंसेवी संस्थेला साधारणपणे मंजूर खर्चाच्या 90 टक्के रक्कम मिळते. अनुसूचित क्षेत्राबाहेर उरलेले 10 टक्के संस्थेने उभे करायचे असतात. पैसा ठरलेल्या बाबींवरच खर्च करायचा, हिशेब व उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे, मग पुढची रक्कम. ही शिस्त योग्यच आहे. पण हप्ता लांबला म्हणून वसतिगृहातली चूल विझवता येत नाही.

करसवलतीत निर्णय तुमचा असतो आणि सरकार थोडा भार उचलते. समजा, जुन्या करप्रणालीत 30 टक्के दराने कर भरणाऱ्या व्यक्तीने 80जी मान्यता असलेल्या सेवासंस्थेला 10,000 रुपये दिले. उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत त्यातील निम्म्या रकमेची, म्हणजे 5,000 रुपयांची वजावट मिळते. कर सुमारे 1,500 रुपयांनी कमी होतो. म्हणजे तुमच्या खिशातून गेले 8,500 आणि सरकारने सोडले 1,500.

काही गोष्टी ध्यानात ठेवा. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दानावर सवलत नाही. चेकने किंवा ऑनलाइन द्या. पॅन क्रमांक कळवा, म्हणजे दानाचे प्रमाणपत्र देता येते. केवळ एका धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेला ही मान्यता मिळत नाही, म्हणून मंडळीतल्या दशांशावर साधारणपणे सवलत नसते. आणि नवीन करप्रणाली घेतलेल्यांना ही वजावट मुळीच नाही. 2023-24 पासून तीच प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असल्यास तसे निवडावे लागते.

म्हणून आज खरा प्रश्न असा : सवलत गेली, तर दानही जाईल का?

मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेला कोणती सवलत होती? आजही कर भरण्याइतके उत्पन्न नसलेला मजूर पन्नास रुपये देतो, ते पूर्ण त्याचेच असतात. सवलत मिळत असेल तर जरूर घ्या; जमल्यास वाचलेली रक्कमही सेवेला द्या. अनुदान आले तर आम्ही आभार मानू. पण हप्त्याची वाट पाहतानाचा किराणा आणि कुठल्याच यादीत न बसणारा रात्रीचा रुग्णवाहनाचा खर्च तुमच्याच दानातून भागतो.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.